दोन्ही इंजिनांना एकच हात नको

सर, परवा तुमची फार आठवण आली, आणि थोडा रागही आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपलं तुमचंच बरोबर! आता पनवेलच्या तुमच्या गच्चीवरून विमानं जातात. तुम्ही असता तर चहा बाजूला ठेवून नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखलं असतंत.

त्याच गच्चीत मी तुमच्यावर रुसून बसले होते. हँगरमध्ये नवी होते, विमानाच्या एका इंजिनाचं काम आटपून दुसऱ्याकडे वळले, तर तुम्ही सगळ्यांदेखत हातातला पाना काढून घेतलात. संध्याकाळी काकू चहा ओततायत आणि मी फणकारून विचारतेय, माझ्यावर विश्वास नाही का? तुम्ही हसलात. "विश्वास आहे म्हणूनच. तू चूकसुद्धा नीटनेटकी करशील, दोन्हीकडे अगदी सारखी. मग वर गेल्यावर एक इंजिन बंद पडलं, तर दुसरं कशाच्या भरवशावर?" निघताना इंजिनाच्या सांदीकोपऱ्यात बघायचा तुमचा छोटा आरसा दिलात, दांडा ओढून लांब करायचा. तो अजून माझ्या खिशात असतो.

परवा माणसं कमी होती. आमचा सगळ्यात चोख मेकॅनिक, उरणकडचा, त्याने दोन्ही इंजिनांचे तेलाचे प्लग एकट्यानेच बदलले. विमान समुद्रापार जायचं, वरून फोनवर फोन, सोडा म्हणून. मी नाही सोडलं. तो बिचारा दुखावला, "मॅडम, माझ्यावर भरोसा नाय काय?" मी दुसऱ्या मेकॅनिकला आरसा दिला, इंजिन थोडं फिरवून बघायला सांगितलं. प्लगखाली तेल! उघडलं तर आतली, तेल अडवणारी रबरी रिंगच नाही. दुसऱ्या इंजिनातही नाही. स्टोअरमधून प्लग नेहमी रिंग बसवूनच यायचे, या वेळी तसे आले नव्हते, आणि याने सवयीने बसवून टाकले. काम मात्र सुबक, हो! तेल गळून दोन्ही इंजिनं समुद्रावरच बंद पडली असती.

तो शिडीच्या पायरीवर डोकं धरून बसला. मी शेजारी टेकले आणि तुमचं वाक्य जसंच्या तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काय बोललात मॅडम! असा कोणी सांगितलाच नाय कधी."

हे पत्र कुठे टाकणार मी? पण सांगते. त्या वेळी तुमचं नाव घ्यायला हवं होतं, आणि मी घेतलं नाही. वाक्य माझं म्हणून खपवलं. ते सगळ्यांदेखत माझ्या हातून काढून घ्यायला तुम्ही हवे होतात.