समोरच्या दारातल्या खुर्च्या

३ मार्च
अपिलाची तारीख लागली. वकील उस्ताद वहबा फोनवर म्हणाले, "बाई, आशा ठेवू नका. मेलेल्याची आई स्वतः सांगते, माझ्या मुलाला रश्वाननेच मारलं, मी त्याला पाहिलं. त्यापुढे मी काय बोलणार?"
आशा ठेवलीय कुणी! नवऱ्याला जन्मठेप झाली त्याच दिवशी ती संपली.

४ मार्च
सगळं कबुतरांवरून! समोरच्या शेजाऱ्यांची कबुतरं आमच्या गच्चीवरच्या कबुतरखान्याच्या बुर्जावर येऊन बसायची. त्यांचा खलफ गल्लीतून ओरडायचा, "दाणे टाकून भुलवतोस काय रे चोरा?" रश्वान वरून हसायचा, "तुझ्याकडे उपाशी मरतात, मी काय करू?" मग काठ्या निघायच्या. एका पहाटे खलफ उसात मेलेला सापडला. रश्वान म्हणाला, मी नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

९ मार्च
तुरुंगात भेट. निळ्या कपड्यांत तो लहान दिसतो. "माझी कबुतरं कशी आहेत?" — हे पहिलं. मी कशी आहे, ते नंतर. हसूही आलं, रडूही.

१० मार्च
समोरचं घर तसंच. खलफच्या आईने, हाज्जा बहियाने, अजून मुलाचा शोक स्वीकारलेला नाही. दारात खुर्च्या मांडल्या नाहीत, भेटायला आलेल्यांना कडू कॉफी दिली नाही. आमच्या सोहाग भागात रक्ताला रक्त मिळाल्याशिवाय शोक घेत नाहीत. कोर्टाची शिक्षा त्यांच्या लेखी शिक्षाच नाही.

२ एप्रिल
काय लिहू!
बहिया काठी टेकत साक्षीला उभी राहिली. "साहेब, अंधार होता. मी म्हातारी बाई. चेहरा दिसला नव्हता मला." न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तेच उत्तर! वहबा माझ्या कानाशी — "सुटला तुमचा नवरा!" पिंजऱ्यातून रश्वान माझ्याकडे बघत राहिला.
इतके दिवस मी त्या आईला शिव्या देत होते. लाज वाटली.

४ एप्रिल
आभार मानायला तिच्या दारी गेले. तिने पीठ उन्हात फुगवून भाजलेली ताजी भाकर माझ्या हातात ठेवली. तिचा धाकटा मुलगा कनावी आतून म्हणाला, "वहिनी, कोणत्या गाडीने येणार ते कळवा हं. आम्हीपण वाट बघतोय."
बहियाने माझ्या गालावरून हात फिरवला. "तिथे भिंतींच्या आत त्याला कोण हात लावणार, पोरी? येऊ दे घरी."
भाकर ओट्यावर तशीच आहे. दाणे टाकलेत त्यांनी.

५ एप्रिल
वहबांना सांगितलं, तो सुटायला नको. "बाई, इतकी वर्षं वकिली केली, असं कुणी बोललं नव्हतं. घरी जा, झोपा जरा."

७ एप्रिल
भेट. जाळीला तोंड लावून म्हटलं, गावात येऊ नकोस. परस्पर सुएझला जा, माझ्या भावाकडे.
"मी पळालो तर लोक म्हणतील, यानेच मारलं. माझ्या घरी यायला मी कुणाला विचारू?"
"मला विचार!"
हसला. किती दिवसांनी हसला. "तू दोन कबुतरं कापून, भाताने भरून शिजवून ठेव. पोटभर जेवेन."

१३ एप्रिल
नमाजात काय मागतेय मी! त्याची शिक्षा कायम राहू दे. जाळीपलीकडे म्हातारा होऊ दे. मी येत राहीन, कबुतरांच्या बातम्या सांगत. एवढंच.

१९ एप्रिल
निर्दोष. सासूबाई गल्लीत ओरडून सगळ्यांना सांगत सुटल्या. मी जमिनीवर बसूनच राहिले.

२० एप्रिल
सकाळी फोन आला — "गाडीत बसलो गं!" त्यानंतर त्याचा फोन लागत नाही.
समोर कनावी टेम्पोतून खुर्च्या उतरवतोय. दारापुढे ओळीने लावतोय. कॉफीचा वास आमच्या घरात शिरलाय.