गुरुवारची चौथी खुर्ची

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, व्हायोला आणि ताईनं बळेबळे दिलेली इस्त्री. घर दुमजली, संगीत-संस्थेच्या मालकीचं. खाली बैठकीची मोठी खोली, वर माझ्या दोन. खिडकीतून मागचं अंगण आणि शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. मला एवढी सोबत पुरे.

काम सहा आठवड्यांचं. दीडशे वर्षांपूर्वी इथे एक संगीतकार बाई राहायची. नवरा नावाजलेला संगीतशिक्षक. त्याच्या नावाचा रस्ता आहे, हिच्या नावाची साधी पाटी नाही. ती लिहायची ते मोजक्या माणसांनी एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवायचं संगीत. तिच्या हयातीत त्यातलं काहीच वाजलं नाही म्हणे. तिची कागदपत्रं लावायची आणि तिचं एक क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशी चौघांची रचना, कार्यक्रमासाठी स्वच्छ उतरवून द्यायची.

देखभालीच्या मावशी गुरुवार सोडून रोज सकाळी येतात. माझ्या वाद्याची पेटी पाहून म्हणाल्या, व्हायोलिन वाटतं. व्हायोला, म्हणजे त्याहून जरा मोठं, खालच्या सुराचं, असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. ऑर्केस्ट्रातली बावीस वर्षं असंच चाललं. व्हायोला म्हणजे घरातलं मधलं भावंड. फोटोत असतं, पण कोण बरं हे, असं विचारावं लागतं.

दुपारी खिडकीत बसून चहा प्यायले. फार दिवसांनी बरं वाटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

बाईची एक वही सापडली. अक्षर बारीक, टापटिपीचं. दर गुरुवारी चार वाजता ती खालच्या खोलीत चार खुर्च्या मांडायची, पाण्याचे पेले भरून ठेवायची. कुणाकुणाला चिठ्ठ्या पाठवलेल्या असायच्या. आणि खाली दर वेळी एकच ओळ: आज कुणी आलं नाही. अशी अकरा वर्षं.

मी वही मिटून ठेवली. डाव्या हाताचं बोट आखडलं आणि ऑर्केस्ट्रा सुटला, तेव्हा सगळे म्हणाले होते, येत जा गं अधूनमधून. गेले एकदा. माझ्या जागी कुणीतरी बसलं होतं, आणि छान वाजवत होतं. आता फोन वाजला तर ताई असते, नाहीतर राँग नंबर.

७ ऑक्टोबर, मंगळवार

क्वार्टेट सापडलं. पहिलं व्हायोलिन आहे, दुसरं आहे, चेलो आहे. व्हायोलाची पानं आहेत, पण कोरी. वर शीर्षक, खाली नुसत्या आखलेल्या ओळी. हसूच आलं. इथेही मधलं भावंड विसरलंच.

तिन्ही भाग समोर ठेवून मनात वाचले. काय लिहिलंय! असं संगीत दीडशे वर्षं कपाटात पडून राहावं? मधली पोकळी इतकी नेमकी आहे, की तिथे काय हवं ते डोळे मिटले की कळतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी लक्षात आलं, तिन्ही भागांची अक्षरं वेगवेगळी आहेत. त्यातलं एकही बाईचं नाही. कागदही वेगळे. आणि चेलोच्या पानांवर शाई बॉलपेनची.

संस्थेच्या संचालकांना फोन केला. ते सहज म्हणाले, हो, आधी तिघं येऊन गेली या कामावर, बऱ्याच वर्षांच्या अंतरानं. बाईच्या हातची चारही भागांची पानं कोरीच होती. सूर असे तिनं कुठे लिहूनच ठेवलेले नाहीत. मग या तिघांनी कशावरून उतरवलं? ते म्हणाले, तेच तर तुम्ही शोधायचं.

चार वाजता खालून वाद्यं सुरात लावल्याचा आवाज आला. शेजारी कुणी रियाज करत असेल. तीन वाद्यं. मग एक क्षण शांतता, आणि सुरुवात करण्याआधी सगळे मिळून घेतात तो श्वास. बावीस वर्षं मी तो श्वास घेतलाय. तो भिंतीपलीकडून ऐकू येत नाही. त्याच खोलीत असावं लागतं.

वाजलं ते तिचंच क्वार्टेट. मधली जागा रिकामी सोडून.

मी जिन्यात बसून ऐकलं. घाबरायला हवं होतं. डोळे भरून आले, कारण ती जागा माझी होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार

व्हायोलाचा भाग लिहून झाला. मी लिहिला असं म्हणवत नाही. हात चालत होता. आखडलेलं बोट मोकळं झालंय. विचित्र एवढंच, की त्यात विराम फार आहेत, व्हायोला गप्प बसून ऐकते अशा लांबलांब जागा. आणि पुढे पुढे ते कमी होत जातात.

जिन्याखालच्या कपाटात मावशी झाडू ठेवतात. त्यामागे तीन पेट्या दिसल्या. दोन व्हायोलिनच्या, एक चेलोची. आत वाद्यं नाहीत. बाकी सगळं आहे: गजाला लावायची राळ, तारा, एकीत चष्मा, एकीत बायकी हातमोजे. वाद्य घेऊन जाणारा माणूस पेटी टाकून जातो का?

मावशींना विचारलं. त्यांनी फडकं पिळून बादलीवर टाकलं. मग म्हणाल्या, चेलोवाले साहेब भले होते, पण एकटे होते हो फार. एका गुरुवारी त्या खोलीत गेले. मी दाराबाहेरून हाका मारल्या. आत वाजत होतं. उघडलं तर खुर्च्याच. तेव्हापासून गुरुवारी मी येत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

चार वाजता दार उघडलं. वाजणं थांबलं. खोलीत ऊन होतं आणि अर्धगोलात चार खुर्च्या. कुणी नाही. हात लावून पाहिलं. तीन खुर्च्या उबदार, माणूस नुकताच उठावा तशा. चौथी गार. ती जराशी बाहेर ओढलेली होती, आपण पाहुण्यासाठी ओढतो तशी.

बसले नाही. पळत वर आले. मागून कुणी हसलं नाही, रागावलं नाही. नुसते वाट बघत राहिले. ते जास्त वाईट.

१८ ऑक्टोबर, शनिवार

माझा भाग फाडायला घेतला. फाटेना. म्हणजे कागद फाटला असता. हातच —

ताईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, यावरून किती घाबरली ते कळलं. म्हणाली, गुरुवारपर्यंत सुट्टी नाही गं मला, तू आत्ताच्या आत्ता गाडीत बस. बसते म्हटलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

स्टेशनवर गेले. बॅगा घेऊन. बाकावर दोन तास. गाडी आली, दारं उघडली. आतली माणसं आपापल्या फोनमध्ये. कुणी सरकून जागा केली नाही. का करतील? दारं मिटली.

बाकावर डाव्या हाताची बोटं मांडीवर वाजवत होती.

परत आले. स्वतःच्या पायांनी आले, हे लिहून ठेवते.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ताईला कळलं. उद्या गाडी घेऊन येतेय, साडेतीनला दारात. म्हणाली, तोवर त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, माझी शपथ आहे.

बॅगा दाराशी. पेटीही. मी जाणार आहे. खरंच जाणार —

२३ ऑक्टोबर, गुरुवार

साडेतीन. ताईचा फोन: रस्त्यात अडकलेय, पाच-दहा मिनिटं.

पावणेचार. पेटी हलकी लागतेय. उघडली. रिकामी.

व्हायोला खालच्या खोलीत, चौथ्या खुर्चीवर ठेवलेली दिसतेय. दार उघडंच आहे. माझी आहे ती, वडिलांनी घेतलेली. उचलायची आणि निघायचं. बसायचं नाही —

बसले. कधी, ते कळलं नाही. वही मांडीवर आहे. वाजवत होते. आता माझा लांब विराम, तेवढ्यात लिहिते. तिघं आहेत. सरळ पाहिलं की दिसत नाहीत, समोरच्या पानांच्या स्टँडकडे पाहिलं की दिसतात. चष्मा नसलेला माणूस माझ्याकडे बघून मान हलवतो, छान, म्हणून. दाराजवळ एक बाई उभी आहे, बारीक, हात जोडलेले. रडतेय. आनंदानं.

उठता येत नाही. पाय

विराम. लहान. बेल वाजतेय. ताई. माझं नाव घेऊन हाका मारतेय. ताई मी इथे

खिडकीशी आली. काचेला कपाळ टेकून आत बघतेय. थेट माझ्याकडे. बाहीनं काच पुसली. पुन्हा बघतेय. ताई, चौथी खुर्ची, चौथी —

पान उलटलं. शेवटच्या रेषेला दोन टिंबं आहेत. परत सुरुवातीपासून वाजवा अशी खूण. माझ्याच अक्षरात. थांबायची खूण कुठेच नाही

ताई काचेवर मूठ मारतेय. ओरडायचंय, पण आधी श्वास, आणि तो चौघांनी मिळूनच घ्यायचा अस