सड्यावरचा शेजार

प्रिय येसू,

बंदरावर पडावातून उतरलो तर समोर तुझी आई. "येसू गेली रे, दत्तू," एवढंच बोलली आणि मासळीची पाटी उचलून चालू लागली. त्या क्षणी माझं सगळं संपलं. कॉलेज अर्धवट टाकून आलो होतो तो तुला मागणी घालायला! आता बोलू कुणाशी? म्हणून हे लिहितोय.

आठवतं तुला? पहिल्या प्लेगात उंदीर मरून पडले आणि अख्खं गाव वरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, झोपड्यांत गेलं. एरवी आमची चिरेबंदी वरची आळी, तुमची खालची, मधे फक्त एक दगडी गडगा. पण तो ओलांडायची छाती कुणाची? सड्यावर मात्र झोपडीला लागून झोपडी! तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "काय रे वकिलाच्या पोरा, कौलं कुठं ठेवलीत?" मी असा चिडलो... आणि तिथंच फसलो.

चूल विझली की आमची आई तुमच्याकडून विस्तव न्यायची. साथ सरली, आम्ही खाली उतरलो, आणि तिला तुमचं घर दिसेनासं झालं.

यंदा पुन्हा साथ आली. मी मुंबईत. वरच्या आळीनं ठरवलं, खालच्यांनी नाल्यापलीकडे राहावं. तिथं पाण्याचा थेंब नाही. तुम्ही घरी परतलात, आणि तुला गाठ आली. कुणाकडून लिहवून मला दोन ओळी धाडायच्या होत्यास! एवढा कसला गं ताठा?

काल बाबांना विचारलं, खालच्यांना विहिरीजवळ का राहू दिलं नाही. म्हणाले, "जागाच नव्हती."

सड्यावर जाऊन आलो. विहिरीलगत, मागच्या वेळी तुमची होती तिथंच, एक झोपडी अजून उभी आहे. आत शेण. आमच्या गाईची झोपडी, येसू! गाईला जागा होती.

घरी येऊन इतका ओरडलो की गडग्यापलीकडे ऐकू गेलं असेल. बाबा शांतपणे म्हणाले, "त्या आळीत गेलास तर या घरात परत पाय ठेवू नकोस."

साथीत ऊन आत यावं म्हणून सरकारी माणसांनी तुमचं छप्पर उतरवलं, ते अजून तसंच आहे. तुझी आई आभाळाखाली निजते. ती गाईची झोपडी मी आज मोडणार, तिचे नारळीचे झाप तुमच्या घरावर चढवणार. आणि पुन्हा कधी उंदीर पडले, तर विहिरीलगत पहिली मेढ तुझ्या आईच्या झोपडीची रोवीन. हे वचन.

कोयता घेतलाय. आई आतून म्हणतेय, "दत्तू, दार ओढून घे रे, कुत्रं शिरेल." तिला वाटतंय, मी जेवायला येईन.

निघतो, येसू. दार ओढून घेतो.

तुझाच,
दत्तू