चाळिशीचा चष्मा

१२ मार्च, बुधवार

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलेलं तुला चालणार नाही हे ठाऊक आहे. पण शाळेतल्या नावाने हाक मारायची आपली वेळ गेली, आणि नुसतं 'सप्रेम नमस्कार' लिहून पत्र सुरू करावं तर ते वीज मंडळाला लिहिल्यासारखं वाटतं. म्हणून हेच राहू दे.

गुडघा कसा आहे? पेपरात तुझ्या बेपत्ता जवानांच्या समितीच्या धरण्याचा फोटो आला होता. बाकी सगळ्या बायका खाली सतरंजीवर आणि तू एकटी खुर्चीवर. तू उगाच खुर्चीवर बसणारी नव्हेस, म्हणून विचारलं.

आई बऱ्या आहेत. डोळे आता फारसे चालत नाहीत, पण कान पहिल्यासारखेच तिखट. जिन्यात कुणाची पावलं वाजली की आधीच सांगतात कोण येतंय ते. जेवण थोडं कमी झालंय. सकाळी गॅलरीत ऊन येतं तिथे खुर्ची टाकून देते, तासभर बसतात आणि खालच्या पोरांना ओरडतात. म्हणजे तब्येत चांगली आहे असं समज. माझं दुकान चालू आहे. शाळांच्या गणवेशाचा हंगाम तोंडावर आला, दिवसभर कापड कापून अंगठा बधिर होतो. हेही बरे आहेत. तू त्यांना 'पंपवाला' म्हणायचीस ते त्यांना माहीत आहे. परवा एकाच्या पाण्याच्या टाकीत उतरून सर्दी करून घेतली आणि मला म्हणतात, "तुझ्या वन्संना कळव, पंपवाला बुडाला."

वरचं सगळं मी कालच लिहिलं होतं. मग कागद उलटा करून ठेवला.

शनिवारी सैन्याकडून एक अधिकारी आला होता. तुला समितीकडून कळलं असेलच की पलीकडच्यांनी काही अवशेष परत दिलेत. तुझ्या भावाचं, आपल्या डावऱ्याचं नाव त्यात आहे. तुला आधी कळवायला हवं होतं, पण तो म्हणाला, नियमाप्रमाणे आधी आईला सांगायचं, आणि आईंचं घर म्हणजे हेच घर.

माणूस वाईट नव्हता. तिशीसुद्धा ओलांडली नसेल. आमच्या खोलीत बसायला एकच धड खुर्ची, तीही त्याने आईंना दिली आणि आपण शिवणयंत्राच्या स्टुलावर बसला. सीलबंद पेटी नंतर येईल म्हणाला, ती उघडायची नाही. पुढच्या रविवारी मानवंदना देणार, बिगुल, बंदुकांची सलामी, सगळं. सोबत त्याने एक कापडी पिशवी आणली होती, 'वैयक्तिक वस्तू' म्हणून. त्याने सांगितलं ते तुला आणि मला पाठ आहे: डावऱ्या लढाईच्या पहिल्या आठवड्यातच पडला, पलीकडच्यांनी तिथेच पुरला, आता खोदकामात सापडला. म्हणजे सरकार इतकी वर्षं म्हणत होतं तेच. कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा सगळे परत आले, मागे जिवंत कुणी राहिलं नाही.

आईंनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत का?"

"मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, आजी."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वरून आलंय."

"वरून तर पाऊसही येतो," आई म्हणाल्या. तो हसला बिचारा. मग त्याने पिशवीतल्या वस्तू एकेक करून मेजावर मांडल्या. पट्ट्याचं बक्कल. गळ्यातली नंबराची पत्री. दात गेलेला कंगवा. आणि एका चिंधीत गुंडाळलेला चष्मा.

चष्मा त्याने बाकीच्या वस्तूंसारखाच ठेवला. त्याला काही वाटलं नाही. ज्यांनी ती पिशवी पुढे पाठवली त्या कुणालाच काही वाटलं नसेल. म्हातारी माणसं चष्मा लावतात, मेलेल्यांचे चष्मे असतात, झालं. त्या पोराला अजून चाळिशी लागायची आहे, त्याला काय कळणार.

डावऱ्याला चष्मा नव्हता. ते तुला सांगायला नको. चौथ्या मजल्यावरून खालच्या माणसाच्या हातातल्या तिकिटाचा नंबर वाचून दाखवायचा. गेला तेव्हा सव्वीसचा होता.

आमचं समाधान झालं, वस्तू ओळखल्या, काही तक्रार नाही, असं सही करून द्यायचं आहे. सोमवारी मानवंदनेच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येईल. सही झाली की डावऱ्याचं प्रकरण बंद. तुमच्या चौकशी आयोगापुढेही मग त्याचं नाव राहणार नाही, असं यांनी त्याला विचारून घेतलं. तो गेल्यावर हे म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा मिसळला असेल. पलीकडे काय, आणि आपल्याकडे काय, गोदामं सारखीच." मलाही तसंच वाटलं. तसं वाटायला हवं होतं.

मी चष्मा लावून पाहिला. पेपर समोर धरला तर अक्षरं ठळक झाली. जवळचं वाचायचा चष्मा, माझा पहिला होता ना, तेवढ्याच नंबराचा. पंचेचाळिशीतल्या माणसाचा म्हण. तो काढताना बोटाला डावी काडी लागली.

काडी मोडलेली आहे, वन्सं. दोऱ्याने बांधलेली. घोंगडीतून उसवून काढलेला राखी दोरा. मामंजींच्या दुकानात बॅटच्या मुठी बांधायचे तशी बांधणी आहे, दोऱ्याला दोरा चिकटून, शेवटचं टोक आत ओढून घेतलेलं, वर गाठ नाही. आणि वेढे उलटे आहेत. मामंजी त्याच्यावर ओरडायचे ते आठवतं? "गिऱ्हाईक म्हणेल बॅट आरशात बांधली." तुझी ती जुनी रॅकेट त्यानेच बांधली होती. टाकली नसशील तर काढून बघ, मुठीवरून अंगठा फिरव. मी आईंची छत्री काढली. त्याने जायच्या आधी बांधलेली तिची मूठ आणि ही काडी शेजारी धरली.

मी कपडे शिवते, दोरा मला कळतो. पण हे कळायला शिवणकाम यायला नको. तुलाही कळेल, आईंनाही कळलं.

म्हणजे तो पहिल्या आठवड्यात मेला नाही. त्याला तिथे चाळिशी लागली. कुणीतरी त्याला चष्मा आणून दिला, तो मोडला, त्याने तो बांधला. काय वाचायचा कोण जाणे.

पुढचं लिहायचं मी दोन दिवस टाळलं. मधे एका शाळेचे सगळे शर्ट कापून झाले.

सरकारने जेव्हा तो गेल्याचा दाखला दिला तेव्हा आपण तिघी एकाच खोलीत होतो. तू तो घेतला नाहीस, आईंनी घेतला नाही, मी घेतला. तू म्हणालीस, "मंत्र्याने रेडिओवर सांगितलं म्हणून तो मेला का?" मी म्हणाले, "मग काय करू, जन्मभर दार उघडं ठेवून बसू?" पुढे यांच्याशी लग्न केलं. तू आली नाहीस. मला वाईट वाटलं पण मी मनाशी म्हणायचे, सरकारजवळ काहीतरी माहिती असल्याशिवाय शिक्का मारतील का. त्या शिक्क्यावर मी संसार उभा केला. माझ्या मुलीचं लग्नही झालं आता. तू समिती काढलीस, दारोदार हिंडलीस, लोक तुला म्हणाले की ही बाई बायकांना खोटी आशा विकते, देशाची अब्रू वेशीवर टांगते. आमच्या दुकानातही म्हणायचे. मी तेव्हा मान खाली घालून यंत्र चालवत होते. मला ते ऐकायला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते. तू चुकत असशील तर मी चुकत नव्हते, एवढंच त्याचं कारण.

आता हिशेब सरळ आहे. मी लग्न केलं तेव्हा तो तिशीत होता आणि जिवंत होता. माझी मुलगी झाली तेव्हाही जिवंत होता.

मी चष्मा बटणांच्या डब्यात ठेवून दिला. आईंना सांगितलं, चुकून आलाय, परत देऊ. मंगळवारी मी दुकानातून आले तर गॅलरीतल्या खुर्चीत तो चष्मा लावून बसल्या होत्या. काचेतून त्यांना काही दिसत नाही, तरी लावला होता. डब्यात हात घालून शोधला होता. काडीवरून अंगठा फिरवत होत्या.

"गाठ नाही," म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, पुष्कळ लोक असं बांधतात."

"सरकारसारखं बोलू नकोस."

मी खाली बसले. त्यांनी विचारलं, "चाळिशीपर्यंत होता म्हणजे. रोज खायला देत असतील ना गं?"

"देत असतील."

"थंडीचं काय करत असेल? त्याला सर्दीचा त्रास."

"घोंगडी होती, आई. त्यातलाच दोरा आहे हा."

हे त्यांना पटलं. बराच वेळ घोंगडीबद्दलच बोलत राहिल्या, जाड असेल की विरलेली, दोरा तर मजबूत लागतोय. मग चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि मूठ मिटवली.

"ठेव परत डब्यात. सोमवारी सही करून टाकू."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "हे बाहेर गेलं की लोक आधी तुला विचारतील. सरकारला कुणी विचारत नाही. तिलाही कळवू नकोस, ती तुला फाडून खाईल. माझं काय, मला कळायचं ते कळलं."

एकच आई तुझ्या वाट्याला आली आणि माझ्याही, असं मी नेहमी गमतीने म्हणायचे. पण त्या दिवशी मला फार लाज वाटली. आयुष्यभर ज्यांनी त्यांच्यापासून लपवलं, त्यांच्यासारखंच त्या आता लपवायला निघाल्या होत्या, आणि तेही माझ्यासाठी. इतक्या वर्षांत मुलाचं एक खरं हाती लागलं, ते बटणांत पुरायला तयार. सरकारातही असंच झालं असेल का? कुणीतरी कुणालातरी वाचवायला एक गोष्ट डब्यात टाकली असेल, मग दुसऱ्याने झाकण लावलं असेल. मंत्र्यांना मी माफ करत नाही. फक्त झाकण किती हलकं असतं ते कळलं.

रात्रभर विचार वगैरे काही केला नाही. त्याच संध्याकाळी यांना सांगितलं. ते नळाचा वॉशर बदलत होते. म्हणाले, "म्हणजे आपलं लग्न..." आणि थांबले. मग पाणी सोडून बघितलं, गळत नव्हतं. "तू काय ठरवलंस?"

मी ठरवलं ते असं. सही होणार नाही. आईंना मी तसं सांगितलं; त्या रागावल्या आहेत, पण जेवल्या. रविवारच्या मानवंदनेला आम्ही जाणार नाही. त्या पेटीत ज्याचा कुणाचा मुलगा असेल त्याला सलामी मिळू दे, पण डावऱ्याच्या नावाने नको. चष्मा मी पोस्टाने पाठवत नाही, माझा विश्वास नाही. तू ये आणि तुझ्या हाताने घेऊन जा. आईंच्या देखत घे. येताना रॅकेट आण.

आणि आयोगापुढे मी स्वतः येईन. तू माझं नाव घालणार नाहीस, मला माहीत आहे, तुझ्या समितीत माझ्यासारखीला जागा नाही. तरी घाल. सरकारचा वकील विचारेल, बाई, तुम्ही स्वतःच तर मेला समजून दुसरं लग्न केलंत, कधी केलंत? मी साल सांगेन. मग मी त्याला तो चष्मा लावायला सांगेन, त्याचं वय असेल तर. आणि म्हणेन, त्या साली माझा नवरा जिवंत होता, आणि तुम्ही मला तो मेल्याचा कागद दिला होतात. हे दुसरं कुणी सांगून भागणार नाही, वन्सं. हे मलाच सांगावं लागेल.

माफी मागायला हे पत्र नाही. यांच्याशी केलेल्या संसाराचा मला पश्चात्ताप नाही, तसं लिहिलं तर तेही खोटंच होईल. तू बोलली नाहीस तरी चालेल. मधल्या खोलीत तुझी गादी घालून ठेवते, जिने चढवत नसतील तर हे खाली येऊन हात देतील. पंपवाल्याचा हात आहे, घट्ट असतो.

पत्राखाली सही काय करायची ते मी यांना आधी विचारलं. हे म्हणाले, "जे होतं ते लिही," आणि पाकिटावर तुझा पत्ता लिहून दिला.

तुझ्या भावाची बायको,
त्या सालीही जी होती ती