थोरला नावाचा ठसा

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, दादाचे अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी देवापुढे दिवा लावला, चहा घेतला आणि आत्याला डोळे दाखवायला दवाखान्यात नेले. आत गेल्यावर समोरच नवी पाटी, कुठल्या खोलीत काय तपासतात ते सांगणारी. पाटी वीतभर आणि तिच्यावरची अक्षरे इतकी जाड, की दाटीवाटीने एकमेकांना कोपर मारत उभी. मी औषधांच्या खिडकीशी गेलो. आत्याने पाटी वाचली, म्हणजे वाचली असे तिला वाटले, आणि दोन तास दातांच्या रांगेत बसून राहिली. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले, तेव्हा तिने विचारले म्हणे, की हल्ली डोळे घशातून तपासतात की काय. डोळ्यांचे डॉक्टर तोवर निघून गेले होते. आता पुढची तारीख चाळीस दिवसांनी.

पाटी छापणाऱ्याला जाऊन विचारले. तो छाती फुगवून म्हणाला, की हा नवा फाँट आहे, नाव थोरला, आणि तो तुझ्याच ऑफिसातून निघाला आहे. अरे, अक्षर म्हणजे काय पोते आहे, ठासून भरायला? गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, की अक्षराच्या पोटातून मुंगीला वाट हवी. तुमच्या या थोरल्याच्या पोटात वारासुद्धा शिरत नाही. तीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवतोय, पण असला फुगलेला प्रकार पाहिला नाही. ज्याने हा काढला त्याला माझा कोपरापासून नमस्कार सांग.

तुझी वहिनी म्हणते की फार टाकून बोलू नये. म्हणून थांबतो. प्रकृतीला जप, आणि माया आहे ती राहू दे.

तुझा,
दादा


ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास, धाकट्याचा सा. न. वि. वि.

कोपरापासूनचा नमस्कार पोचला. ज्याचा त्याला परत पाठवतो आहे. ती अक्षरे तुझी आहेत.

बंद पडलेल्या तेलगिरणीची रस्त्याकडची भिंत आठवते? बावीस वर्षांपूर्वी तू रंगवलीस ती. मागच्या वर्षी आलो होतो तेव्हा तू जेवून घोरत होतास, मी जाऊन फोटो काढले. भिंतीवर चौदाच अक्षरे सापडली. बाकीची तुझ्या हाताचे वळण आठवून मी काढली. आणि फाँटचे नाव थोरला का, हे आता दुसऱ्या कुणाला विचारू नकोस. तुला चकित करायचे होते म्हणून बोललो नव्हतो. झालास एकदाचा.

पाटीचा दोष मात्र छापणाऱ्याचा. मी डोंगर बांधला, त्याने तो डबीत कोंबला, त्याला मी काय करू? प्रत्येक गिऱ्हाइकामागे धावायचे का?

२९ मार्चला ऑफिसातली माणसे आणि दोन छायाचित्रकार मूळ भिंत बघायला येणार आहेत. तू तिच्यासमोर उभे राहायचे. फाँटवर तुझे नाव घालायचे आहे, त्याचे संमतीपत्र सोबत आहे, सही करून पाठव. दाढी कर. आणि दादा, या वेळी तरी नाही म्हणू नकोस.

वहिनीला नमस्कार. आत्याचे दात कसे निघाले तेही कळव. राग ओसरला की आठवण काढावी.

तुझा,
धाकटा


ता. २० मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. तुझे पत्र वाचून मी गिरणीपाशी गेलो आणि बराच वेळ उभा राहिलो. मालकाला अक्षरे धावत्या बसमधून दिसायला हवी होती. तो म्हणाला जाड, मी म्हणालो अजून जाड. पोटे मीच बुजवली. लोक वाहवा करत होते, आणि मी देवापुढे बसलो तरी डोळ्यांसमोर तीच भिंत यायची. तुझ्या फाँटला जे जे बोललो ते माझ्या सत्ताविसाव्या वर्षाला लागू आहे. पण तूही शहाणा! न विचारता उचललेस ते उचललेस, आणि नेमका माझा माज उचललास.

मग कागद घेऊन बसलो. सगळी अक्षरे पुन्हा काढली, ठसठशीत, पण आत उजेड ठेवून. रोज एक कागद दारावर लावायचा, आत्या ओट्यावरून बघणार. पटकन वाचले तर पास. एका अक्षराला ती म्हणाली की ही म्हैस बसली आहे का. दुसऱ्याला म्हणाली की याला आधी उपास घडव. सव्वीस कागद फाडले. परवा तिने सगळी वाचली, वर विचारले, की इतके सोपे होते तर महिना कशाला घालवला. काल डोळेही तपासून झाले, या खेपेला मी हात धरून नेले. दात उत्तम आहेत, चावून बोलते.

अक्षरांचे पार्सल याच टपालाने येत आहे. संमतीपत्रावर सही केली आहे, पण वर लिहिले आहे, की नाव फक्त या नव्या अक्षरांना. जुन्यांना लावलेस तर मी तुझा कुणी नाही.

पाहुण्यांना जरूर आण. जेवायला दोन ताटे जास्त मांडू. दाढी करून मी भिंतीसमोर उभाही राहीन. आपल्यातला ओलावा असाच राहो. मालकाच्या मुलाला विचारून काल शिडी लावली आणि चुन्याचे दोन हात दिले. भिंत पांढरी झाली आहे.

तुझा,
दादा