पोपटी चिंधी

३ सप्टेंबर

टीव्ही घ्यायचा! आईंनी चहा पिता पिता सांगून टाकलं. जशी काही मेथीची जुडी आणायची आहे.

सासूला मी आई म्हणते. पण असं काही जाहीर झालं की ती सासूच वाटते, काय करू! वगार, म्हशीची मोठी झालेली पारडी, विकली तेव्हाच मला शंका आली होती. आमच्या सासूबाईंनी, भागिरथाबाईंनी, उगाच वगार विकली नसणार. ते पैसे त्यांचे, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही. अट एकच — "पंचईस हजाराच्या वर एक रुपया नाही. आन चित्र असं पाह्यजे का गर्दीतलं मानूस वळखू आलं पाह्यजे."

गर्दीतला माणूस! कारण मला माहीत आहे. मागच्या आठवड्यात वाशीमच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, लांबचा प्रवास बंद, गर्दीत उभं राहणं बंद. म्हणजे यंदा दसऱ्याला दीक्षाभूमी नाही. लग्न होऊन आल्यापासून या बाईने एक वर्ष चुकवलेलं नाही. मामंजी अंथरुणाला खिळले होते तेव्हासुद्धा त्यांनीच आईंना जीपमध्ये बसवलं — "तू जा भागिरथा, मी काई पयून नाही जात."

डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, चप्पल कुठी हाय माही? पायातच होती.

५ सप्टेंबर

विनोदला पंचावन्न इंची हवा! डेपोतल्या कोण्या ड्रायव्हरने घेतला म्हणे. माझा नवरा एसटी नीट चालवतो, पण दुसऱ्याच्या घरातली वस्तू पाहिली की ब्रेक लागत नाही.

आईंनी वाद घातला नाही. सुतळी घेतली. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. ते हलणार नाहीत, आणि टीव्ही त्यांच्या बरोबरीने नाही, खालीच लागणार. खाली खिडकीपर्यंत जेवढी जागा उरली तेवढी सुतळीवर मोजून गाठ मारली. मग खाटेपासून भिंतीपर्यंत मोजलं, दुसरी गाठ. सुतळी कमरेला खोचली. "आता हे जे म्हनंन ते."

पंचावन्न गेला. पन्नासही गेला! त्रेचाळीसच बसतो. विनोद दिवसभर गाल फुगवून होता.

९ सप्टेंबर

शिवणाचं काम खूप. आईंनी मध्येच एक पोपटी पातळ आणून टाकलं, नवंकोरं — ब्लाऊज शिवून दे, रुपाबाईच्या सुनेचं. माप? "तुह्याच मापाचं शिव, ती तुह्यावानीच हाय." रुपाबाई म्हणजे दरवर्षी जीप ठरवणारी, आमच्या विहारातल्या बायकांची पुढारी. तिची सून माझ्यासारखी? बाई ग! मी इतकी जाड झाले का?

रंग मात्र काय आहे! डोळ्यात भरतो. स्नेहा ते पातळ अंगाला लावून खिदळत सुटली, आजीने तिच्यावर डोळे वटारले. पोरगी नऊ वर्षांची झाली तरी कपड्यांत लोळते.

१३ सप्टेंबर, शनिवार

वाशीम. मोठं शोरूम, आत थंडगार. एका ओळीत टीव्ही लावलेले, सगळ्यांवर तोच पोपट, तोच धबधबा. पोपटाचं पीस न् पीस मोजून घ्यावं इतकं स्पष्ट! मी तर हरखलेच. हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिले.

आईंनी आधी सुतळी काढली. विक्रेत्या मुलाला एक टोक धरायला लावलं, दुसऱ्या गाठीपाशी आपण थांबल्या. "खाटेच्या उंचीचं बसाले काई हाय का?" त्याने कूलरचं खोकं दिलं. त्यावर बसल्या, आरामात, जसं शोरूम माहेरचं. मग माझ्याकडे वळल्या — "दीपे, तू तिकडं बाजूले उभी राह्य. सयपाकघराचं दार समज. दिसते?"

गेले. आणि खरंच, दोन टीव्ही बाजूने पाहिले तर फिके पडले! समोरून झगमग, बाजूने धुतल्यासारखे.

"हे दोन काढ," आई म्हणाल्या. "माही सून तिथूनच पाह्यते."

अकरा वर्षं मी पोळ्या लाटता लाटता दारातूनच टीव्ही पाहते. कुणाच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

मग कमरेची पिशवी उघडून त्यांनी काय काढलं? माझ्या मशीनखालची पोपटी चिंधी! ब्लाऊजची उरलेली. फॉल जुळवायला निघाल्यासारखी. मुलगा म्हणतो, मावशी, पोपटाचा रंग बघा ना, किती नॅचरल. तर आई — "बापू, त्या पोपटाले मी कदी पायलं नाही. त्याचा खरा रंग मले काय मालूम? ह्या चिंधीचा मालूम हाय. हे दाखव."

त्याला दाखवता येईना. शोरूमचा व्हिडिओ बदलायची परवानगी नाही म्हणे. आई उठल्या. "मंग तुमी फक्त पोपट इका."

बसमध्ये मला हसू आवरेना. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. वाशीमच्या पाटणी चौकापासून आमच्या अनसिंगपर्यंत गुडघ्यावरचा हात काढला नाही. दुखत असणार. विचारलं तर म्हणतील, नाही.

१४ सप्टेंबर

विनोद मोबाईल नाचवत आला — ऑनलाईन सेल! आई म्हणाल्या, "तुह्या बापानं फोटो पाहून म्हैस आनली होती का?" विषय संपला.

१७ सप्टेंबर

आज जमशेदभाईंच्या दुकानात. मामंजींनी आमचा पहिला टीव्ही यांच्याकडूनच घेतला होता, तेव्हा ते वडिलांच्या हाताखाली होते. दुकान लहान, पंखा कुरकुरतो. पण माणूस! आईंना खुर्ची देत होते, त्यांनी खाटेच्या उंचीची पेटी मागितली, तर का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आणली.

चिंधी पाहून हसले. आईंच्या हातात धरायला लावली, मोबाईलने फोटो काढला आणि एकेका टीव्हीवर टाकत गेले. वर म्हणतात, "भाभी, सच्ची बात बोलतो. मोबाईलमध्येच रंग थोडा बदलते."

आई — "बदलू द्या. सगळ्याइवर फोटो एकच हाय ना? चूक असंन त सगळ्याइत सारखीच असंन."

जमशेदभाई माझ्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे. काय डोकं आहे या बाईला! खरंच मला अभिमान वाटला. अगदी छाती भरून.

एकावर चिंधी निंबाच्या पाल्यासारखी काळपट. एकावर पिवळी. तिसऱ्यावर — तीच! हातातली आणि पडद्यावरची, जुळ्या बहिणी. त्रेचाळीस इंची, फोर-के, कंपनी फार नावाजलेली नाही, पण दुरुस्तीचं केंद्र अकोल्याला आहे. बाजूने पाहिलं, फिकट नाही. मी लगेच म्हटलं, हाच! आईंनी मान हलवली. "गर्दी दाखवा."

जमशेदभाईंनी कुठल्याशा जत्रेचा व्हिडिओ लावला. आई पुढे वाकून कितीतरी वेळ पाहत होत्या. शेवटी बोट लावलं. "हे बाई कानात डूल घालून हाय. हे घालून नाही." आणि मागे टेकल्या.

घेऊनच निघालो असतो. पण जमशेदभाईंनीच थांबवलं! बावीस तारखेला कर कमी होतोय, मोठे टीव्ही स्वस्त होतील, पाच दिवस थांबा. तुमचा पीस बाजूला ठेवतो. आणि डिशचा जुना डबा आधी बदला, नाहीतर टीव्ही कितीही भारी आणा, चित्र मळकंच येईल.

गिऱ्हाईक दारात उभं आणि दुकानदार म्हणतो आज घेऊ नका! मी येताना दोनदा मागे वळून दुकानाची पाटी पाहिली.

२३ सप्टेंबर

आणला!!

विनोदने मांडीवर धरून आणला, रिक्षात. पंचावन्नचं नाव नाही. उलट शेजाऱ्यांना सांगतो, "पाह्यनं, इतक्या खोलीले हेच बराबर." ऐकलं मी. सोडणार नाही.

भिंतीला लागला. वर दोन्ही फोटो, खाली टीव्ही, बाजूला खिडकी — बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. वीज आमच्याकडे कशी वागते ते ठाऊक आहे म्हणून स्टॅबिलायझरही घेतलं, डिशचा डबाही बदलला. सगळं मिळून पंचवीसच्या आत. आईंनी सुतळी सोडून खिळ्याला अडकवली. जिंकलेली ढाल टांगावी तशी!

२४ सप्टेंबर

घरात चित्र डोळ्याला टोचत होतं. दुकानासाठीची सेटिंग तशीच राहिलेली. आईंनी चिंधीचा फोटो टीव्हीवर लावायला लावला, रिमोट स्नेहाच्या हातात दिला, चिंधी आपल्या हातात धरली. "कमी कर... आनखी... थांब!" थांबली तिथे बरोबर जुळलं.

अजून ती चिंधी जपून ठेवली आहे बाईने. हे काय वेड?

२६ सप्टेंबर

पाऊस. सोयाबीन ओलं, सोंगणी-कापणी पुढे गेली. बाकी काही नाही. ब्लाऊज पूर्ण झालं. सहज घालून पाहिलं — मला चपखल! रुपाबाईच्या सुनेवर जळफळाट झाला जरा. तिला नवं पातळ, तिला जीप.

लिहूनच टाकते, ही वही कुणी वाचत नाही. लग्न झाल्यापासून मी दीक्षाभूमीला एकदाही गेले नाही. लहानपणी माहेराहून, कामरगावहून, माझ्या आईच्या कडेवर गेले होते म्हणे, आठवत काही नाही. इथे आल्यावर आधी मामंजींचं आजारपण, मग स्नेहा, दरवर्षी म्हैस, दरवर्षी सोयाबीन. दसऱ्याला विनोदला नागपूरच्या जादा गाड्यांची ड्युटी. एकीने घरी राहायचं, ती मी. तक्रार नाही. पण आई परत आल्या की मी त्यांना बसूही देत नाही — गर्दी किती होती? आत गेल्यावर कसं वाटतं? त्या सांगतात, मी ऐकते. एवढंच माझं जाणं.

यंदा सांगायलाही कुणी नाही.

२९ सप्टेंबर

आईंनी मागच्या वर्षीचा दीक्षाभूमीचा व्हिडिओ लावायला लावला. पांढरीशुभ्र गर्दी, मध्ये निळे झेंडे. आणि एकेक चेहरा स्वच्छ! म्हातारे, कडेवरची पोरं, एकीच्या कपाळावरचा घाम. जुन्या टीव्हीवर ही नुसती मुरमुऱ्यांची रास दिसायची.

आई सांगत होत्या — हे फाटक, हा रस्ता, अठी पुस्तकाइची दुकानं, अठी कॅमेरा उंच दांडीवर फिरते. "अठी ह्या खांबाजवळ बसलं का कॅमेऱ्यात येतेच येते." स्नेहाला दोनदा तो खांब ओळखायला लावला. मलाही. "समजलं का वं? ह्या खांबाजवळ."

समजलं म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून उठून पोळ्या टाकायला गेले. इतकी वर्षं पायाने तुडवलेली जागा आता बोटाने दाखवायची. आणि तरी रडगाणं नाही! गुडघ्याने दार बंद केलं तर हिने वगार विकून खिडकी करून घेतली. अशी बाई मी पाहिली नाही. तोंडावर कधी म्हणणार नाही, फार चढून जाईल.

१ ऑक्टोबर

सकाळपासून जीपवाल्या बायकांसाठी भाकरी. दरवर्षी मीच करते. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. रुपाबाई येऊन म्हणाली, "जास्तीच्या बांध वं, यंदा एक नवी हाय." असेल तिची सून.

दुपारनंतर जीप दारात येईल. दरवर्षी आई पुढच्या सीटवर बसतात. आज ओट्यावरून हात हलवतील. मला तो हात बघवणार नाही, मी आतच राहणार. ठरलं.

२ ऑक्टोबर, नागपूर

खांबाजवळ बसून लिहिते आहे. अंगात पोपटी पातळ, चपखल ब्लाऊज.

काल जीप आली, आईंनी ते पातळ माझ्या अंगावर टाकलं. "घाल. माह्या जागी तू जाऊन राह्यली. म्हैस मी पाह्यतो." मी नाही नाही म्हणत होते, तर हातातली चिंधी दाखवली — "मंग टीव्ही मी कायले आनला? सारे पांढऱ्यात असतात. तू मले दिसली पाह्यजे." स्नेहाला पहिल्यापासून माहीत होतं. विनोदलाही. फसवे!

आत जाऊन आले. कसं वाटतं ते आता मला सांगायचं आहे त्यांना, आणि शब्दच सापडत नाहीत. डोकं टेकवलं आणि रडले, बास.

एवढं लिहीपर्यंत फोन वाजला. आई. मागून स्नेहा किंचाळत होती.

"दीपे, लिहून काय राह्यली वं? मान वर कर!"