कौटुंबिक जबाबदारी : नाही

जळोची (बारामती), ५ ऑगस्ट २०२४

ती. रतनताईस, स्वरूपाचा सा. न. वि. वि.

नोकरी लागली! एका संशोधन संस्थेचं ‘काम आणि कुटुंब’ असं सर्वेक्षण आहे. घरोघर जाऊन बायकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं टॅबवर भरायची. सरावाला ओळखीचं नाव घ्या म्हणाले, मी तुझं घेतलं. लग्न? नाही. मुलं? नाही. लगेच टॅबनं स्वतःच लिहिलं, ‘कौटुंबिक जबाबदारी : नाही’, आणि पुढची तीन पानं गाळून टाकली. मला हसूच आलं. आमची ताई एवढी मोकळी!

तात्यांना नमस्कार. माझ्यावर अशीच माया ठेव.

तुझी स्वरूपा

बावडा, १४ ऑगस्ट

चि. स्वरूपास अनेक आशीर्वाद.

नोकरीचं वाचून बरं वाटलं. फोन तात्यांच्या उशाशी असतो, समदं ऐकू जातं, म्हणून कागदावर लिहिते.

मोकळी म्हणालीस. तात्यांची उजवी बाजू गेली त्याला सहा वर्षं झाली. अंघोळ, घास भरवणं, घडीघडीला कूस बदलणं, न्हायतर पाठीला जखम व्हते. मधल्या वेळात बागेतल्या पेरूंना पिशव्या घालते. बाग घरचीच, म्हणून त्येबी कुणी काम धरत न्हाय.

इंदापूरच्या पॅकहाऊसचे आबासाहेब घरी आले व्हते. पेरू निवडणाऱ्या बायकांवर मुकादम पाहिजे, तुमची नजर चांगली हाय म्हणाले. तात्यांनी ऐकलं. दुपारी घास घेतला न्हाय. मी जमत न्हाय म्हणून निरोप धाडला. लोक म्हणतात, नवरा न्हाय, पोरं न्हाईत, हिला कसली अडचण? आता तुझा टॅबबी त्येच म्हणतोय.

रागावले न्हाय गं. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी रतन

जळोची, २ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र घेऊन मी आमच्या श्रेया मॅडमकडे गेले. आजारी वडिलांना सांभाळणं कुठं भरायचं, विचारलं. त्या म्हणाल्या, माझीही आई अंथरुणाला आहे, पण तिच्यासाठी बाई ठेवलीय, त्यामुळं प्रश्न तयार करताना हे सुचलंच नाही. आता प्रश्नावली मंजूर झालीय, बदलता येणार नाही.

पण टॅबला कशाला बोलू? तात्या आजारी पडले त्याच वर्षी मी बारामतीला शिकायला आले. तुला लग्न नकोच होतं, तुला घरीच आवडतं, असं मी आपलं धरून चालले. एकदाही विचारलं नाही.

पंधरा दिवस रजा घेऊन येते. तात्यांचं सगळं मला शिकव आणि तू इंदापूरला जा. नाही म्हणू नकोस.

तुझी चुकलेली स्वरूपा

बावडा, ७ ऑक्टोबर

चि. स्वरूपास आशीर्वाद.

तू आलीस, त्ये पंधरा दिवस मी चाळीस बायकांत बसून डबा खाल्ला. गरम व्हता का गार, आठवत न्हाय. आबासाहेब म्हणाले, कायमच्या या.

तू गेलीस तशी तात्या म्हणाले, धाकटीला कूस बदलाया जमत न्हाय, तुझाच हात बरा, आता कुठं जाऊ नगंस. मी व्हय म्हटलं.

तरी गेल्या सोमवारी त्यांचं लवकर आवरलं, त्यांचा डोळा लागल्यावर शेजारच्या शकुबाईला बघाया सांगितलं अन् एस्टीच्या थांब्यावर गेले. इंदापूरची गाडी आली. कंडक्टरनं यायचं का म्हणून विचारलं. मी न्हाय म्हटलं अन् घरी आले. तात्या झोपलेलेच व्हते. त्यांना कळलं न्हाय.

तुला कळावं म्हणून लिहिलं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी रतन